डाग नसतात तेव्हा सूर्यावर काय चाललेलं असतं?

उन्हाळवाट (धागाकर्ती)

सूर्याच्या चुंबकत्वावर आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक डागांच्या निमित्ताने. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानलेहून आकाश लालसर दिसलं, तेव्हा व्हॉट्सॲपवर नुसते डाग आणि सौरज्वालांचे फोटो फिरत होते. मला उलट्या टोकाबद्दल लिहायचं आहे. २००८ साली ३६६ पैकी २६६ दिवस सूर्यबिंबावर एकही डाग नव्हता. अशा कोऱ्या सूर्याला, आणि एरवीही डागांपासून लांबच्या भागाला, अभ्यासक 'शांत सूर्य' म्हणतात. सौरभौतिकीतलं हे सर्वात फसवं नाव असावं. ऐन धामधुमीच्या वर्षांतही डागांनी व्यापलेला भाग साधारण एका टक्क्याहूनही कमी असतो. उरलेल्या सगळ्या पृष्ठभागावर बारीक बारीक चुंबकी ठिपके सतत वर येतात, ढकलले जातात आणि विरुद्ध ध्रुवाचा ठिपका भेटला की दोघेही नाहीसे होतात.

आधी थोडा इतिहास. १८९६ मध्ये पीटर झेमानला लायडनमध्ये आढळलं की ज्योत चुंबकक्षेत्रात ठेवली की तिच्या वर्णरेषा (वर्णपटातल्या ठरावीक रंगांच्या बारीक रेषा) रुंदावतात, दुभंगतात. १९०८ मध्ये जॉर्ज हेलने माउंट विल्सनच्या मनोरा-दुर्बिणीतून सौरडागाच्या वर्णपटात हेच दुभंगणं ओळखलं. डागात निघाले सुमारे ३००० गौस. (गौस हे चुंबकक्षेत्राचं एकक; पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गौसच्या आसपास.) पृथ्वीबाहेर चुंबकक्षेत्र सापडण्याची ती पहिलीच वेळ. डागाबाहेर मात्र रेषा काही दुभंगेना. १९५० च्या दशकात हॅरॉल्ड आणि होरेस बॅबकॉक या पितापुत्रांनी प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरी कुठल्या तऱ्हेने कंप पावतात ते, मोजणारा मॅग्नेटोग्राफ बांधला, तेव्हा डागाबाहेरही थोड्या गौसचं क्षीण क्षेत्र आढळलं. झालं! डागात हजारो गौस आणि बाकी सूर्यावर पातळसं काहीतरी पसरलेलं, असंच सगळे धरून चालले.

ते खरं नव्हतं हे यान स्टेनफ्लो या सौरशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं, आणि ज्या युक्तीने दाखवलं ती मला या सगळ्या विषयात सर्वात देखणी वाटते. लोहाच्या दोन वर्णरेषा आहेत, ५२४७ आणि ५२५० अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक). तापमान बदललं तर दोघी जवळजवळ सारख्याच बदलतात, पण चुंबकक्षेत्राला दुसरी पहिलीपेक्षा दीडपट संवेदनशील. क्षेत्र खरोखर क्षीण असेल तर दोघींच्या ध्रुवीकरणाचं गुणोत्तर दीडच यायला हवं. ते कमी आलं. याचा अर्थ, जिथे क्षेत्र आहे तिथे ते इतकं तगडं आहे की संवेदनशील रेषा आधीच ताणली जाऊन तिचा प्रतिसाद मंदावलाय. म्हणजे पातळ थर वगैरे काही नाही. हजार ते दोन हजार गौसच्या, शंभर-दोनशे किलोमीटर जाडीच्या उभ्या नळ्या, आणि त्यांच्यामध्ये तुलनेने मोकळी जागा. यातली एकही नळी तेव्हाच्या कुठल्याच दुर्बिणीला सुटी दिसत नव्हती. न दिसणाऱ्या वस्तूचा जोर नुसत्या गुणोत्तरावरून काढला!

या नळ्या तयार कशा होतात? सूर्याचा पृष्ठभाग म्हणजे तळातून वर येणाऱ्या तप्त वायूच्या कणिका, प्रत्येकी साधारण हजार किलोमीटर रुंद, आयुष्य पाच-दहा मिनिटं. वायू मधून वर येतो, कडेला सरकतो, थंड होऊन फटींतून खाली जातो. वायू विद्युतवाहक असल्यामुळे चुंबकक्षेत्र त्याच्यासोबत वाहत जाऊन फटींत गोळा होतं. पण नुसतं गोळा झाल्याने चार-पाचशे गौसच्या पुढे फारशी मजल जात नाही. पुढचं काम थंड वायू करतो. नळीच्या आतला वायू थंडावून खाली घसरतो, नळी आतून रिकामी होते, बाहेरचा दाब तिला आवळतो आणि क्षेत्र हजार गौसच्या वर जातं. १५०० गौसला नळीतला चुंबकी दाब बाहेरच्या वायूच्या दाबाला जवळजवळ पुरा पडतो, त्यामुळे याहून फार पुढे आवळणं शक्यच नसतं.

कणिकांपेक्षा मोठी रचना म्हणजे महाकणिका. रुंदी सुमारे ३०,००० किलोमीटर, आयुष्य एखाद्या दिवसाचं. त्यांच्या कडांवर नळ्यांची दाटी होऊन अख्ख्या सूर्यभर जाळं दिसतं. आणि त्या जाळ्याच्या घरांच्या आतही क्षेत्र असतं, हे १९७० च्या दशकात लिव्हिंग्स्टन आणि हार्वी यांनी अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेवरून दाखवलं. खरा वाद या आतल्या क्षेत्राचा आहे: ते किती, कुठल्या दिशेचं आणि मुळात येतं कुठून. त्यावर बोलूया.

काकाजी

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. पन्नास वर्षांपूर्वी क्षीण वाटलं ते आता तगडं कसं झालं? सूर्य बदलला की यंत्रं?

उन्हाळवाट

काकाजी, यंत्रं. मॅग्नेटोग्राफ जे मोजतो ते त्याच्या एका चौकटीत मावलेल्या सगळ्याची बेरीज असते. उत्तर ध्रुव अधिक, दक्षिण ध्रुव उणे. काळे-पांढरे तीळ एकत्र करून लांबून पाहिले की राखाडी दिसतात, तसं चौकटीत दोन्ही ध्रुव सारखेच असले तर यंत्र शून्य सांगतं. क्षेत्र असतं, संकेत नसतो.

पृथ्वीवरून सूर्यावरचं ७२५ किलोमीटर अंतर म्हणजे एक कोनीय सेकंद, आणि आपलं वातावरण तेवढंही धड दिसू देत नाही. म्हणून सप्टेंबर २००६ मध्ये जपानचं हिनोदे यान गेलं. दुर्बीण अवघी ५० सेंटिमीटरची, पण वातावरणाबाहेर. २००९ मध्ये सनराइज ही एक मीटरची दुर्बीण फुग्याला बांधून स्वीडनच्या किरुनाजवळून ३५ किलोमीटरच्या वर सोडली, आणि स्टेनफ्लोच्या नळ्यांपैकी एक पहिल्यांदा सुटी, मोकळी मोजता आली. ३६ वर्षांनी! आता हवाई बेटांतल्या माउई इथे हालेआकाला शिखरावर चार मीटरची इनोये दुर्बीण आहे. तिला २०-३० किलोमीटरचे तपशील दिसतात. २०२३ मध्ये तिच्या निरीक्षणांत कणिकांच्या कडेला एकच क्षेत्ररेषा सापासारखी वर-खाली, वर-खाली जाताना आढळली. जुन्या दुर्बिणींना तिथे एखाददुसरा ठिपका दिसला असता, किंवा काहीच नाही.

तिरकस_चष्मा

म्हणजे जितकी मोठी दुर्बीण तितकं जास्त चुंबकत्व? मग आठ मीटरची बांधली की आणखी दुप्पट. निधी मागायला झकास विषय आहे. (हलके घ्या.)

पण प्रश्न खरा आहे. ही बेरीज कुठेतरी थांबते हे कशावरून? दर वेळी 'अजून बारीक आहे, दिसत नाहीये' म्हणणं हे विज्ञान झालं का?

सरळरेषा

चष्मासाहेब, शंका रास्त आहे, आणि तिला उत्तर आहे. बेरीज-वजाबाकीत न अडकणारी दुसरी पद्धत वापरायची.

सूर्याच्या कडेजवळचा प्रकाश विखुरल्यामुळे थोडासा ध्रुवीकृत असतो, चुंबकक्षेत्र नसलं तरीही. तिथे क्षेत्र आलं की हे ध्रुवीकरण कमी होतं. हा हानले परिणाम. यातली खुबी अशी की क्षेत्राचा ध्रुव कोणताही असो, ध्रुवीकरण कमीच होतं. उत्तर-दक्षिण एकमेकांना खोडत नाहीत. म्हणून एका चौकटीत कितीही बारीक गुंता असला तरी त्याचा ठसा उमटतो.

स्पेनच्या कॅनरी बेटांवरचे त्रुहियो ब्वेनो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये स्ट्रॉन्शियमच्या ४६०७ अँगस्ट्रॉमच्या रेषेवर हे करून दाखवलं. सरासरी क्षेत्र सुमारे १३० गौस आलं. त्या काळचे झेमान पद्धतीचे, म्हणजे रेषांच्या दुभंगण्यावरून काढलेले, आकडे याच्या कितीतरी खाली होते. तेव्हा 'दिसत नाहीये पण आहे' हे नुसतं म्हणणं नाही, वेगळ्या भौतिकीने तपासलेलं आहे. मोठ्या दुर्बिणींचे आकडे वाढत वाढत याच दिशेने येताहेत. ते १३० च्या फार पुढे गेले तर मात्र मीही तुमच्या बाजूला येऊन बसेन.

गावठाण

हानले म्हणजे लडाखमधलंच का? तिथे आपली वेधशाळा आहे ना?

सरळरेषा

नाही हो. विल्हेल्म हानले, जर्मन. त्यांनी १९२० च्या दशकात पाऱ्याच्या वाफेवर प्रयोग करून हा परिणाम दाखवला. लडाखच्या हानलेला वेधशाळा आहे, पण ती मुख्यतः रात्रीच्या आकाशाची.

भुईकोट

सूर्याचा विषय निघालाय आणि विजयदुर्गाचं नाव नाही? १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियरने आपल्या विजयदुर्गावरून हेलियम शोधला. किल्ल्यावर ते चौथरे आजही दाखवतात. धागाकर्तींनी दखल घ्यावी.

दुर्बिणवाला

भुईकोट, दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे कार्यक्रम होतो हे खरं आणि तो व्हावाही. पण लॉकियर त्या ग्रहणाला भारतात नव्हता. ग्रहण पाहिलं ते जान्सेनने गुंटूरहून, पॉगसनने मच्छलीपट्टणहून, आणि लेफ्टनंट जॉन हर्शेलने जमखिंडीहून, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानातून. लॉकियरने आपली पिवळी रेषा त्यानंतर ऑक्टोबरमध्ये लंडनमधून, ग्रहण नसताना पाहिली.

महाराष्ट्राचा खरा संबंध हवा असेल तर पुण्याला या. कावसजी नायगमवाला कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवायचे, म्हणजे आजचं सीओईपी. तिथे त्यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा चालवली. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण त्यांनी करमाळ्याजवळच्या जेऊरहून पाहिलं. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तेव्हा जेऊरलाच उतरली होती. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि यंत्रं कोडाईकनालला गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या किती शाळांत हे सांगतात, कुणास ठाऊक.

आणि कोडाईकनाल म्हटलं की धाग्याच्या मूळ विषयाशी थेट संबंध येतो. तिथे १९०४ पासून शंभरेक वर्षं कॅल्शियमच्या के रेषेतून सूर्याचे फोटो काढले गेले. जिथे चुंबकक्षेत्र दाट तिथे कॅल्शियमच्या रेषेत उजळ दिसतं. म्हणजे मॅग्नेटोग्राफचा जन्म होण्याआधीच्या पन्नास वर्षांतलं ते सूर्यभरचं जाळं काचेवर उतरलेलं आहे. आता त्या काचांच्या डिजिटल प्रती झाल्या आहेत आणि जगभरचे लोक त्यातून जुन्या काळचं चुंबकत्व मोजतात.

भुईकोट

जेऊरचं माहीत नव्हतं. पुढच्या वेळी पंढरपूरला जाताना वाट वाकडी करतो. विजयदुर्गाबद्दल मात्र मी अजून बोलणार आहे, वेगळा धागा काढतो.

मोगरा८२

मला एक कळत नाही. डाग काळे असतात. मग डाग जास्त असले की सूर्य मंद व्हायला हवा. पण वाचलंय की उलटं होतं?

उन्हाळवाट

उलटंच होतं, मोगरा. १९७८ पासून उपग्रह सूर्याची एकूण ऊर्जा मोजताहेत. पृथ्वीजवळ ती दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट असते, आणि डागांच्या ऐन भरात ती साधारण एक हजारांश जास्त असते. डाग जेवढा प्रकाश अडवतात त्यापेक्षा जास्त प्रकाश या बारीक नळ्या बाहेर सोडतात.

कारण पाहा. नळीच्या आत वायू विरळ, त्यामुळे आरपार जास्त खोलवर दिसतं. खोल गेलं की भिंती तापलेल्या. नळी अरुंद असेल तर चारही बाजूंनी उष्णता आत झिरपते आणि नळी भोवतालापेक्षा उजळ दिसते. डागातही वायू विरळच असतो, पण त्याची रुंदी हजारो किलोमीटरची. भिंतींची उष्णता मध्यापर्यंत पोचत नाही, आणि खालून येणारी उष्णता चुंबकक्षेत्र अडवून धरतं. म्हणून डाग काळा. भौतिकी एकच, रुंदीने निकाल फिरवला. हेंक स्प्राउटने हे गणित १९७६ मध्ये मांडलं.

सूर्यबिंबाच्या कडेला दुर्बिणीतून जे उजळ पट्टे दिसतात तेही यामुळेच. तिथे आपण नळ्यांकडे तिरके बघतो, त्यामुळे समोरची तापलेली भिंत थेट नजरेला येते.

तिरकस_चष्मा

आता मला आवडीच्या विषयावर येऊ द्या. म्हणजे हवामानबदल सूर्यामुळे, हे तुम्ही मान्य केलंत.

उन्हाळवाट

नाही केलं. :) एक हजारांशाचा चढउतार अकरा वर्षांत वर जाऊन परत खाली येतो. गेल्या पन्नास वर्षांतली तापमानवाढ त्यात बसत नाही.

पण तुमच्या टोल्यात एक खरा प्रश्न दडलाय. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळपास नव्हतेच. तेव्हा सूर्य आजच्यापेक्षा किती मंद होता? उत्तर या बारक्या क्षेत्रावर अवलंबून आहे. जाळ्याच्या आतलं क्षेत्र डागांच्या उरलेल्या भंगारातून येत असेल, तर डाग नसताना तेही आटलं असणार आणि सूर्य बराच मंद झाला असणार. ते स्वतंत्रपणे, पृष्ठभागाजवळच तयार होत असेल, तर डाग असोत-नसोत ते तेवढंच राहील आणि सूर्य एका तळरेषेच्या खाली जाणार नाही. हिनोदेच्या काही वर्षांच्या नोंदींत आतल्या क्षेत्रात डागांच्या चक्राबरोबर ठळक बदल सापडला नाही. माझा कल त्यामुळे दुसऱ्या बाजूला आहे. सतराव्या शतकातला सूर्य फार मंद होता असं सांगणाऱ्या जुन्या अंदाजांवर माझा विश्वास कमी झालाय.

घर्षण

मी द्रवगतिकीवाला आहे, सूर्यवाला नाही, म्हणून जरा आगाऊपणा करतो. 'पृष्ठभागाजवळच स्वतंत्रपणे तयार होतं' हे वाक्य तुम्ही फार सहज लिहिलंत. त्याला लघु-डायनॅमो म्हणतात: खवळलेला वाहक द्रव एखाद्या किरकोळ बीजक्षेत्राला ताणतो, दुमडतो, पुन्हा ताणतो आणि क्षेत्र वाढत जातं. फोगलर आणि श्यूसलर यांनी २००७ मध्ये सूर्याच्या पृष्ठभागाच्या सिम्युलेशनमध्ये हे घडताना दाखवलं. मान्य.

अडचण एका गुणोत्तराची आहे. द्रवाचा चिकटपणा भागिले चुंबकक्षेत्र विरण्याचा दर, म्हणजे चुंबकी प्रांटल अंक. सूर्याच्या पृष्ठभागाजवळ तो लाखांश किंवा त्याच्या आसपास. कॉम्प्युटरला एवढी दरी झेपत नाही, म्हणून सिम्युलेशनमध्ये तो एकच्या जवळ धरतात. आणि हा अंक जसजसा खाली आणावा तसतसा डायनॅमो पेटायला कठीण होत जातो, हे आमच्या क्षेत्रात बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. म्हणजे ज्या द्रवात डायनॅमो चालताना दाखवला तो द्रव सूर्य नव्हेच. मग तुमचा कल कशाच्या जोरावर?

सरळरेषा

घर्षण, हा आक्षेप २०२३ पर्यंत फार जड होता. त्या वर्षी वार्नेके आणि सहकाऱ्यांनी प्रांटल अंक सूर्याच्या बराच जवळ नेऊन पाहिला. डायनॅमो पेटणं आधी कठीण होत जातं हे त्यांनाही आढळलं, पण अंक आणखी खाली नेल्यावर ते पुन्हा सोपं होऊ लागलं. मध्ये एक चढ आहे आणि सूर्य त्या चढाच्या पलीकडे आहे, असं त्यांचं म्हणणं.

घर्षण

वाचलाय तो लेख. चौकोनी खोक्यातला, बाहेरून ढवळलेला, एकसारख्या घनतेचा द्रव. सूर्यावर शंभर-दोनशे किलोमीटर वर गेलं की घनता निम्मी होते आणि प्रकाश ऊर्जा पळवून नेतो. 'डायनॅमो अशक्य नाही' इथवर मी तुमच्यासोबत आहे. 'म्हणून सूर्यावर तोच आहे' याला माझी सही नाही.

सरळरेषा

सही नको, पण निरीक्षणांचा एक मुद्दा विचारात घ्या. हिनोदेने आतल्या क्षेत्रात आडवा घटक उभ्यापेक्षा सुमारे पाचपट मोजला. काहींच्या मते त्यातला काही भाग यंत्राच्या गोंगाटातून आलाय, तो वाद आहेच. पण पाचाऐवजी दोन धरले तरी, जुन्या डागांचं भंगार असतं तर उभ्या नळ्यांचं पारडं जड असतं. कणिकांच्या आकाराच्या बारीक आडव्या कमानी इतक्या प्रमाणात वर याव्यात, आणि सूर्याच्या सगळ्या भागांत सारख्याच याव्यात, हे स्थानिक कारखान्यासारखं दिसतं. शिवाय प्रमाण बघा. आतल्या भागातून जाळ्याकडे सरकणारं क्षेत्र एवढं आहे की साधारण एका दिवसात अख्ख्या जाळ्याची भरपाई होते. डागांच्या भंगाराला हा वेग कसा परवडेल?

घर्षण

हा मुद्दा दमदार आहे. भंगार खालून पुन्हा पुन्हा वर ढवळलं जात असेल, एवढंच उत्तर माझ्याकडे उरतं, आणि ते मलाही फारसं आवडत नाही.

काकाजी

तुमचं चालू द्या. मला शाळेपासून पडलेला प्रश्न: सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश आणि वरचं प्रभामंडल (ग्रहणात दिसणारा बाहेरचा विरळ थर, कोरोना) दहा लाखांच्या वर. चुलीपासून लांब गेल्यावर जास्त कसं भाजतं? या नळ्यांचा त्याच्याशी संबंध आहे का?

उन्हाळवाट

संबंध आहे असं जवळजवळ सगळेच मानतात, नेमका कसा यावर एकमत नाही. आधी हिशेब. शांत भागातल्या प्रभामंडलाला तापलेलं राहायला दर चौरस मीटरला साधारण ३०० वॅट लागतात. पृष्ठभागातून बाहेर पडतात सहा कोटींहून जास्त. म्हणजे दोन लाखांत एक वाटा. ऊर्जेचा तुटवडा नाहीच. ती वर नेऊन योग्य उंचीवर खर्च कशी होते हे कोडं आहे. (प्रभामंडलाखालचा वर्णगोल त्याच्या दहापटीहून जास्त ऊर्जा खातो, पण बातम्या प्रभामंडलाच्याच होतात.)

नळ्यांची वरची टोकं पसरून प्रभामंडलात जातात. खाली कणिका त्यांची मुळं सतत हलवत राहतात. युजीन पार्करने १९८८ मध्ये मांडलं की या हलण्याने रेषांची वेणी पडते आणि ती जागोजागी तुटून-जुळून असंख्य अतिसूक्ष्म ज्वाला होतात. एकेकीची ऊर्जा मोठ्या सौरज्वालेच्या अब्जांश. दुसरा पक्ष म्हणतो, तुटण्या-जुळण्यापेक्षा लहरीच ऊर्जा नेतात.

पुरावे हळूहळू जमताहेत. २०२० मध्ये सोलर ऑर्बिटर यानाच्या पहिल्याच चित्रांत जागोजागी चमकणारे, चारशे ते चार हजार किलोमीटरचे ठिपके दिसले. 'कॅम्पफायर' हे नाव पत्रकारांना इतकं आवडलं की प्रभामंडलाचं कोडं सुटलं असेच मथळे आले. ते सुटलेलं नाही. जे दिसले त्यांची बेरीज करून हिशेब पुरा होत नाही.

मला त्यापेक्षा पुण्यातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेचं काम महत्त्वाचं वाटतं, त्याचा गवगवा कमी झाला. सुरजित मंडल, दिव्य ओबेरॉय आणि अतुल मोहन यांनी ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून शांत सूर्यावरचे अगदी क्षीण, क्षणिक रेडिओ स्फुरण शोधले. डागांजवळ नव्हे, सगळीकडे. एक्स-किरणांना जे दिसत नाही ते रेडिओत दिसू शकतं, कारण तिथे थोडे वेगवान इलेक्ट्रॉनही पुरतात. २०१९ मधलं तन्मय सामंता यांचंही काम पाहा: वर्णगोलातून उसळणारी बारीक कारंजी जाळ्याच्या कडेला, विरुद्ध ध्रुवाचा ठिपका जवळ आला की सुटतात, आणि त्यांच्या डोक्यावर प्रभामंडल तापतं.

तिरकस_चष्मा

'जवळजवळ सगळेच मानतात' आणि 'एकमत नाही' एकाच वाक्यात. आमच्या सोसायटीच्या मीटिंगची आठवण झाली.

गावठाण

आदित्य-एल१ हे सगळं बघेल ना? मग आपल्याला परक्यांच्या दुर्बिणी कशाला?

दुर्बिणवाला

गावठाण, आदित्यकडून नको ते मागू नका, जे आहे ते भरपूर आहे. २ सप्टेंबर २०२३ ला गेलं, ६ जानेवारी २०२४ ला एल१ या सूर्य-पृथ्वीमधल्या बिंदूभोवतीच्या कक्षेत बसलं. त्यावरचं सूट हे उपकरण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत बनलंय. २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये पूर्ण सूर्यबिंबाचे फोटो काढतं. यातल्या मॅग्नेशियमच्या २८० नॅनोमीटरच्या रेषा जमिनीवरून दिसूच शकत नाहीत, ओझोन खाऊन टाकतो. चुंबकी जाळं त्या रेषांत लख्ख दिसतं.

पण सूटचा एक पिक्सेल सूर्यावर सुमारे ५०० किलोमीटरचा. शंभर किलोमीटरची नळी त्यात सुटी दिसणार नाही. आणि पृष्ठभागाचं चुंबकक्षेत्र मोजणारं यंत्र आदित्यवर नाही. जो मॅग्नेटोमीटर आहे तो यानाजवळचं, म्हणजे पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरचं क्षेत्र मोजतो. पृष्ठभागाचं क्षेत्र मोजायला आपल्याकडे उदयपूरच्या फतेहसागर तलावातल्या बेटावरची ५० सेंटिमीटरची मास्ट दुर्बीण आहे. तलावात का? भोवती पाणी असलं की जमीन तापून हवा थरथरत नाही. पँगाँगकाठी मेराकला दोन मीटरची सौरदुर्बीण प्रस्तावित आहे. ती झाली तर या धाग्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या आपण बघता येतील.

मोगरा८२

घरबसल्या काही बघता येईल का? माझ्या मुलीला दाखवायचं होतं. दुर्बीण नाही आमच्याकडे.

दुर्बिणवाला

दुर्बीण नको, फोन पुरे. नासाच्या एसडीओ उपग्रहाच्या संकेतस्थळावर एचएमआय या उपकरणाचा मॅग्नेटोग्राम, म्हणजे सूर्याच्या चुंबकक्षेत्राचा नकाशा, रोज मोफत असतो. राखाडी बिंब, पांढरं म्हणजे एक ध्रुव, काळं म्हणजे दुसरा. डागांच्या मोठ्या काळ्या-पांढऱ्या जोड्या लगेच दिसतात. मुलीला सांगा, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. चित्र मोठं करून मधला 'रिकामा' राखाडी भाग बघायचा. तो रिकामा नसतो. मग पुढच्या दिवशीचं चित्र काढून तोच भाग शोधायचा (सूर्य फिरतो, त्यामुळे तो दिवसाला १३ अंश उजवीकडे सरकलेला असेल). कालचे बारके ठिपके बहुतेक ओळखू येणार नाहीत. चित्रांवरून सलग व्हिडिओही बनवता येतो.

खरा सूर्य दाखवायचा असेल तर प्रमाणित सौरचष्माच. काजळी लावलेली काच, एक्स-रे फिल्म, काहीही चालणार नाही.

मोगरा८२

पाहिलं! तिने विचारलं की वर आणि खाली, टोकांना काही ठिपके का दिसत नाहीत. काय सांगू?

उन्हाळवाट

मुलगी हुशार आहे. ठिपके तिथेही आहेत, पण आपण ते कडेने बघतो म्हणून दिसत नाहीत. पृथ्वीची कक्षा सूर्याच्या विषुववृत्ताला फक्त सात अंश कललेली आहे, त्यामुळे ध्रुव कधीच नीट समोर येत नाहीत. हिनोदेने तशातही ध्रुवाजवळ हजार गौसच्या वरचे ठिपके टिपले. मग सोलर ऑर्बिटरने कक्षा तिरकी केली आणि मार्च २०२५ मध्ये १७ अंश खालून दक्षिण ध्रुव पाहिला. डागांच्या भराचा काळ होता तो. ध्रुवावर उत्तर आणि दक्षिण, दोन्ही प्रकारचे ठिपके गुंतलेले निघाले, एकाचंही राज्य नव्हतं.

पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यातला एक प्रकार हळूहळू जिंकेल. फुटलेल्या डागांचे तुकडे सेकंदाला दहा-वीस मीटरच्या संथ प्रवाहाने ध्रुवाकडे सरकतात, वाटेत विरुद्ध ठिपक्यांशी झटापट होऊन बरेच संपतात, उरलेले टोकाला साठतात. तो साठा किती झाला यावरून पुढचं, २६ वं डागचक्र किती जोराचं असेल याचा अंदाज बांधतात. तिला सांग, टोकाकडे दर महिन्याला बघत जा. सोलर ऑर्बिटर येत्या वर्षांत आणखी तिरकं होणार आहे, ती दहावीला जाईपर्यंत ध्रुव बराच समोरून दिसेल.